नुसतं 'घाबरू नका' म्हणून भागत नाही

चिंचवडच्या चापेकर चौकात संध्याकाळी पुतळ्यांकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. कंपनीच्या बसेस, शेअर रिक्षा, क्लासला निघालेली पोरं, सगळ्यांना कुठे ना कुठे पोचायचं असतं. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ या गावचे. त्यांनी रँडला मारलं, एवढं शाळेत पाठ झालेलं असतं. दोन मार्कांच्या त्या उत्तरातला 'प्लेग' हा शब्द मात्र घाईत लिहिला जातो. ती गोष्ट क्रांतीची आहेच, पण तिच्या मुळाशी सार्वजनिक आरोग्याचं संकट आहे, आणि ते कसं हाताळू नये याचा धडा आपल्याच गावच्या चौकात उभा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग आढळला आणि काही महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून वॉल्टर रँड हा अधिकारी आला आणि मार्चपासून गोरे शिपाई घरोघर झडती घेऊ लागले. संशयिताला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत. सामान बाहेर काढून जाळायचं, जमीन उकरायची. बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी, तीही उघड्यावर. आज आपल्याला ठाऊक आहे की हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो. पण पॉल-लुई सिमाँने ते कराचीत दाखवून दिलं १८९८ मध्ये. म्हणजे शिपाई ज्याच्या मागे होते, तो रोग नेमका कसा पसरतो, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग लोकांनी काय केलं? लपवलं. गाठ आली तरी सांगायचं नाही, रोगी माडीवर दडवायचा, माणूस गेला तरी रडायचं नाही. कुणी गाव सोडून पळालं आणि जाताना रोग सोबत नेला. रोगापेक्षा रोग उघड होण्याची भीती मोठी झाली. टिळकांनी 'केसरी'तून या जुलमावर झोड उठवली, शिवाय पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी वेगळं हिंदू इस्पितळ काढायला पुढाकारही घेतला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच साली, त्याच रोगात, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई रोग्यांजवळ जात होत्या. सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या. मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्या धावपळीत त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. विलगीकरण शिपायांच्या छावणीतही होतं आणि मळ्यातल्या दवाखान्यातही. पण एका ठिकाणी माणसं ओढून न्यावी लागत होती, आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्या पायाने येत होती.

साथीच्या दिवसांत माणूस शांत राहतो की नाही, हे त्याच्या स्वभावावर फारसं अवलंबून नसतं. ते एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतं: मी खरं सांगितलं, तर माझं काय होईल?

तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले आणि दोन-तीन दिवसांत पिंपरी-चिंचवडमध्येही. भोंगा लावलेल्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागल्या: नागरिकांनी घाबरून जाऊ नये. हे वाक्य ऐकून कुणी शांत झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आमच्या सोसायटीत तर ती गाडी येऊन गेली की वाण्याच्या दुकानात गर्दी व्हायची.

त्याला कारण आहे. भीती ही खोड नव्हे, ते शरीराचं काम आहे. धोका दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वर वर चालतो, रक्त हातापायांकडे धावतं. अंगणात साप निघाला तर हे सगळं उपयोगाचं, कारण पाच मिनिटांत एकतर साप जातो नाहीतर आपण. साथ मात्र महिनोन्‌महिने जात नाही. पळायला जागा नाही, मारायला साप नाही, आणि शरीर भोंगा वाजवतच राहतं. झोप तुटते, पोट बिघडतं, पोरांवर हात उगारला जातो. अशा वेळी दोन गोष्टी लागू पडतात. एक अगदी साधी: श्वास जितका वेळ आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, पाच-सात मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. दुसरी म्हणजे हाताला काम. 'घाबरू नका' यात करायचं काहीच नसतं. 'पिंपात पाणी भरून ठेवा, हा नंबर लिहून घ्या' यात असतं.

हे पिंपरी-चिंचवडच्या या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये जाऊन पाहा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे तो येताना दोन्ही हात बाहेरच असतात. ऑपरेटरला रोज सकाळी 'घाबरू नकोस' असं कुणी सांगत नाही. मशीनच तशी बनवलेली असते, म्हणून तो आठ तास शांतपणे तिच्यासमोर उभा राहतो. बऱ्या कंपन्यांत 'निअर मिस'ची वही असते. अपघात होता होता टळला की त्यात लिहायचं. ती वही कोणत्या कंपनीत भरते? लिहिणाऱ्याला मेमो मिळत नाही, तिथे. जिथे लिहिणाऱ्यालाच साहेब केबिनमध्ये बोलावतो, तिथली वही वर्षभर कोरी राहते आणि मग एक दिवस बोट जातं.

आता हीच वही तापाची आहे असं समजा. लॉकडाऊन शिथिल होऊन कारखाने सुरू झाले तेव्हा गेटवर कपाळाला ती पिस्तुलासारखी थर्मल गन लावत. अंगात कणकण असली तर काही जण घरूनच पॅरासिटामॉल घेऊन निघत, म्हणजे गेटवर आकडा बरा दिसे. त्यांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण हिशेब त्यांच्या बाजूने करून पाहा. कंत्राटी कामगार, हजेरीवर पगार, चौदा दिवस घरी म्हणजे चौदा खाडे. वर ठेकेदाराने 'परत येऊ नको' म्हटलं तर? १८९७ मध्ये माडीवर रोगी दडवणारा माणूस आणि २०२० मध्ये गोळी घेऊन गेटमधून आत जाणारा माणूस, दोघांनी एकच गणित केलं होतं.

हे गणित बदलणारी व्यवस्था कागदावर आहे, पण अनेकांना ती माहीत नसते. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजनेत येतो. वर्गणी पुरेशा दिवसांची भरलेली असेल, तर आजारपणाच्या रजेत त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते का, आपला विमा क्रमांक कोणता, घरच्यांची नावं त्यात चढवली आहेत का, हे साथ नसताना बघून ठेवायचं. साथीत प्रत्येक खिडकीपुढे रांग असते. ठेकेदार कपात करतो आणि भरत नाही, अशी तक्रारही या पट्ट्यात नवी नाही; म्हणूनच ते आधी तपासायचं.

आणि खोल्या. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. चाकण एमआयडीसीच्या भोवतीच्या गावांत शेतकऱ्यांनी जमिनीच्या तुकड्यावर पत्र्याच्या, विटांच्या खोल्यांच्या रांगा काढल्या. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं तिथे राहतात. 'कॉट बेसिस' म्हणजे खोली नव्हे, खाट भाड्याने. एक नाईटला गेला की फर्स्ट शिफ्टवाला त्याच खाटेवर येऊन आडवा होतो. संडास सगळ्या रांगेला मिळून दोन, जेवण खानावळीत. 'गृहविलगीकरण' या शब्दात दुसरी खोली गृहीत धरलेली आहे. दोन मीटर अंतर राखा, हे सांगणाऱ्याने ती खोली मोजलेली नसते. टाळेबंदीत खानावळी बंद झाल्या, पगार थांबला आणि पोरं चालत, सायकलवर, मिळेल त्या टेम्पोने गावाकडे निघाली. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या, तोवर बरेच जण रस्त्याला लागलेले होते. त्या निघण्याला वाहिन्यांनी 'घबराट' म्हटलं. मला तो शब्द पटत नाही. जिथे भाकरी आणि वेगळी झोपायची जागा मिळेल तिथे माणूस गेला. ते त्याचं शहाणपणच होतं.

अशा खोलीत राहणाऱ्यांनी काय करावं? जे आहे त्यात. दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असं दार-खिडकी उघडं ठेवणं हे हवेतून पसरणाऱ्या कुठल्याही रोगावर फरशी पुसण्यापेक्षा जास्त कामाचं. आजारी माणसाची खाट वाऱ्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे त्याच्या अंगावरची हवा बाहेर जाईल अशी. त्याने मास्क लावायचा, त्याचा तांब्या-ताट वेगळं. आणि खोलीतल्या चौघांनी आधीच ठरवून ठेवायचं की ज्याला ताप येईल त्याला कुणी बाहेर काढणार नाही, डबा कोण आणेल, ठेकेदाराला फोन कोण करेल. हे ठरलेलं असलं की तापवाला पहिल्या दिवशी सांगतो. नसलं की चौथ्या दिवशी सांगतो, तोवर चौघेही पडलेले असतात.

अफवांचंही मूळ याच भीतीत आणि रिकाम्या हातांत आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा मास्कसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली. २०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने करोना होतो असं मोबाइलवर फिरलं आणि महाराष्ट्रभर पोल्ट्रीवाल्यांचे भाव असे कोसळले की पक्षी फुकट वाटायची वेळ आली. पुढे वर्तमानपत्राच्या कागदातून रोग येतो म्हणून लोकांनी पेपर बंद केले. म्हणजे निदान कुणीतरी तपासून छापलेली बातमी बंद केली आणि न तपासलेली चालू ठेवली! अफवा पसरवणारा बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याला काहीतरी करायचं असतं, आणि पुढे पाठवणं हे सगळ्यात स्वस्त काम असतं. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. ज्या मजकुरात तारीख नाही, गाव नाही, सांगणाऱ्याचं नाव-हुद्दा नाही आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा' आहे, तो आपल्याशी संपवायचा. बातम्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्री झोपताना मृतांचा आकडा पाहून कुणाचाही जीव वाचलेला नाही.

एप्रिल २०२१ हा या पट्ट्याचा सगळ्यात कठीण महिना. वायसीएम, म्हणजे संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, भरलेलं. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर आदल्या वर्षी उभं केलेलं जम्बो रुग्णालय भरलेलं. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, जिथे एरवी उद्योगांची प्रदर्शनं भरतात, तिथेही खाटा. आणि कमी पडत होता प्राणवायू. तो बनत होता चाकणला. हवा थंड करून, तिचा द्रव करून त्यातला प्राणवायू वेगळा काढणारे मोठे प्रकल्प तिथे आहेत, ते मुळात उद्योगांसाठी. भोसरी-तळवड्याच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोखंडी प्लेट कापायला गॅस कटर लागतो आणि गॅस कटरला प्राणवायू. राज्याने आधी ८० टक्के दवाखान्यांना, २० टक्के उद्योगांना असं ठरवलं. मग सगळाच दवाखान्यांकडे वळवला. केंद्रानेही २२ एप्रिलपासून नऊ क्षेत्रं सोडून उद्योगांचा पुरवठा थांबवला. शेडमधल्या कटरच्या निळ्या ज्योती विझल्या आणि तोच वायू टँकरने वॉर्डांकडे निघाला.

त्या दिवसांत घराघरात एक छोटं यंत्र आलं: बोटाला चिमट्यासारखं लावायचं पल्स ऑक्सिमीटर. करोनात काही रुग्णांचा प्राणवायू इतका गुपचूप उतरे की माणूस गप्पा मारत असे आणि आकडा ८५ असे. म्हणून सहा मिनिटं चालून पुन्हा आकडा बघायची साधी चाचणी सांगितली जाई. ९४ च्या खाली आला किंवा चालल्यावर तीन-चारने घसरला, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. तोवर पालथं झोपायचं, कारण पालथं झोपल्याने फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होतो. नखावर नेलपॉलिश असलं, हात गार असला तर आकडा चुकतो, हेही लोक शिकले. मला या यंत्राचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. आकडा दिसेपर्यंत आजी म्हणायची, 'मला काही झालं नाही', आणि मुलगा रात्रभर तिच्या छातीकडे बघत बसायचा. आकडा दिसला की दोघांना एकच गोष्ट दिसू लागे. पण दर पाच मिनिटांनी बोट चिमटीत घालणारेही होते. त्यांच्यासाठी तेच यंत्र अफवेसारखं झालं. दिवसातून तीन-चार वेळा, वहीत वेळेसह, एवढं पुरतं.

औषधांबाबत पिंपरीच्या माणसाने तरी जास्त डोळस असायला हवं. या गावाची पहिली मोठी ओळख मोटारींची नव्हती. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, देशात पेनिसिलिन बनवायला. जुने लोक अजून 'एचए' म्हणतात. त्या पेनिसिलिनने जिवाणूंचे रोग बरे होतात. विषाणूंवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. तरी करोनाच्या काळात साध्या सर्दीला अँटिबायोटिकचं पाकीट मेडिकलमधून मागून घेणारे किती होते! उगाच घेतलेल्या प्रत्येक गोळीने जिवाणू तिला सरावतात आणि खरी गरज पडेल त्या दिवशी गोळी हरते.

साथी फक्त बातम्यांतल्याच नसतात. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. धरण पवनेचं, माणसं वाढत गेलेली. दिवसाआड पाणी म्हणजे घरोघर पिंप, टाक्या, बादल्या. आणि साठलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं माहेर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून कोरडं करायचं. नुसतं ओतून नव्हे, आतून काथ्याने घासून, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात. डेंग्यूत पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नाही. त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला की सुटलो असं समजू नये. पोटात जोराने दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती या खुणा ताप उतरतानाच दिसतात.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी-नांदेड गावाच्या भागात, जीबीएस या नसांच्या रोगाचे रुग्ण एकाएकी वाढले, पिंपरी-चिंचवडमध्येही आढळले. पाय लुळे पडतात म्हटल्यावर कुणालाही घाम फुटेल. पण माहितीने भीतीला आकार येतो. हा रोग एकमेकांना लागत नाही. बहुधा जुलाबासारख्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. मुंग्या आणि अशक्तपणा पायांतून वर चढत जातो. लवकर उपचार झाले तर बहुतेक जण बरे होतात, वेळ मात्र लागतो. म्हणजे करायचं काय? टँकरचं, विहिरीचं पाणी उकळायचं, मटण-चिकन पूर्ण शिजवायचं, आणि जुलाबानंतर जिना चढताना पाय जड वाटले तर 'थकवा असेल' म्हणून झोपायचं नाही.

झोपेवरून आठवलं. नाईट शिफ्टवाल्यांना साथीत 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून काढा सांगितला जातो. काढा प्यावा, घशाला बरं वाटतं. पण झोप कमी झाली की लसीला शरीर देत असलेला प्रतिसादही कमी होतो असं दिसून आलंय. नाईटवरून आल्यावर खिडकीला जाड चादर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, किंवा खोली एकच असेल तर बॅगेत, आणि शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा नाही. याने जे साधेल ते कुठल्याही पुडीने साधणार नाही.

आणखी एक वही कोरी राहते, मनाची. आपल्याकडे कंपनीतला पुरुष पाठ दुखते म्हणून सांगेल, ईएमआयचं टेन्शन म्हणून सांगेल, पण 'मला भीती वाटते' हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघायचे नाहीत. झोप न येणं, घास न जाणं, गेलेल्या माणसाला शेवटचं न पाहिल्याची टोचणी दोन-तीन आठवडे हटली नाही तर बोलायला हवं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रुग्णवाहिकेचा १०८ जसा पाठ असतो, तसा हाही असावा.

बोलून घेतलेला निर्णय माणसं पाळतात, हेही इथेच दिसलं. देहू आणि आळंदी दोन्ही याच पट्ट्यात. एका अंगाला तळवड्याच्या कंपन्या, दुसऱ्या अंगाला चाकणच्या, मध्ये इंद्रायणी. जून २०२० मध्ये दोन्ही पालख्यांचं प्रस्थान मोजक्या माणसांत झालं आणि पादुका पंढरपूरला गेल्या एसटी बसने. लाखो वारकऱ्यांनी पुढच्या वर्षीही ते मान्य केलं. कारण न जाण्याचा निर्णय त्यांच्याशी बोलून झाला होता, आणि घरी बसून हरिपाठ म्हटला तर वारी चुकली असं त्यांना कुणी म्हणणार नव्हतं. २० जून २०२२ ला तुकोबांच्या पालखीचं देहूत पुन्हा पायी वारीसाठी प्रस्थान झालं. देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात, दोन वर्षांच्या खंडानंतर. निगडीजवळ फर्स्ट शिफ्ट सुटलेले लोक कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच दुभाजकावर उभे होते, काहींच्या हनुवटीखाली मास्क अजून तसाच.